डाळ मिलच्या मॅग्नेटचा आराखडा आणि ‘फेम ४.२’

जळगावात डाळ मिलसाठी प्लेट मॅग्नेट बनवणाऱ्याला गिऱ्हाईक बहुधा एकच गोष्ट विचारते: किती गॉस (चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक)? वास्तविक विचारायला हवे ते असे की, उतरत्या पत्र्यावरून वाहणाऱ्या तुरीच्या थरात अगदी वर राहिलेला लोखंडाचा कीस खाली खेचायचा असेल, तर चुंबकांची मांडणी कशी असावी. या उलट्या गणितासाठी डेव्हिड मीकर यांचे ‘फेम ४.२’ हे चुंबकीय क्षेत्र काढणारे मोफत सॉफ्टवेअर मी वापरतो आणि लहान कारखान्यांना ते निःसंकोच सुचवतो, मात्र त्याच्याकडून काय मागावे हे आधी ठरलेले हवे.

‘फेम’ सुलट गणित करते. मांडणी दिली की क्षेत्र मिळते, तेही साध्या संगणकावर काही सेकंदांत. हव्या त्या क्षेत्रावरून मांडणी शोधणारी सोय त्यात नाही. ती फेरी लुआ किंवा पायथन या प्रोग्रामिंग भाषांमध्ये आपणच लिहावी लागते. प्रत्येक फेरीत रचनेचे बारीक त्रिकोण पाडणारी जाळी नव्याने पडत असल्यामुळे उत्तरात बारीक चढउतार येतात, म्हणून उतार मोजत पुढे जाणाऱ्या पद्धतीपेक्षा थेट तुलना करणारी शोधपद्धत अधिक भरवशाची ठरते.

खरी अडचण गणिताच्या स्वभावातच आहे. चुंबकापासून दूर जाताना क्षेत्रातील बारकावे झपाट्याने पुसले जातात. त्यामुळे अगदी वेगळ्या मांडण्याही थराच्या उंचीवर जवळजवळ सारखेच क्षेत्र देतात, आणि मागणीत किंचित बदल केला तरी उत्तर भलतीकडे उडी मारते. यावर तिखोनोव यांची दंडाची पद्धत (टोकाच्या उत्तरांवर हिशेबात दंड लावणारी) चालते, पण आमच्या कामात चुंबकाच्या ठोकळ्यांच्या ध्रुवांची दिशा चारच काटकोनी पर्यायांपुरती मर्यादित ठेवणे अधिक उपयोगी पडले, कारण तसे ठोकळे बाजारात मिळतात. ठोकळ्यांची दिशा टप्प्याटप्प्याने फिरवून क्षेत्र एका बाजूला एकवटणारी हालबाख मांडणीही त्यातच बसते.

उत्तर ताडून पाहण्याचा हिशेब सोपा आहे. बारीक कणावरचे बल क्षेत्राच्या वर्गाच्या चढावर, म्हणजे तो वर्ग उंचीनुसार किती वेगाने बदलतो यावर, अवलंबून असते. चुंबक पुरेसे जाड धरले, तर १० मिमी उंचीवर ते जास्तीत जास्त मिळण्यासाठी लगतच्या विरुद्ध ध्रुवांमधील अंतर सुमारे ६३ मिमी येते. पृष्ठभागावरच्या गॉसची जाहिरात करणारी दाट पट्ट्यांची प्लेट त्या उंचीवर फिकी पडते, ती यामुळेच.

‘फेम’ द्विमितीय किंवा अक्षसममित (अक्षाभोवती सगळीकडे सारख्या) रचनाच सोडवते, म्हणून प्लेटच्या दोन्ही टोकांना क्षेत्र किती घटते हे त्यात दिसत नाही. तेवढ्यासाठी फ्रान्समधील ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉन (कणत्वरक) केंद्रातले ‘रेडिया’ हे त्रिमितीय गणित करणारे सॉफ्टवेअर वापरावे. तेही मोफत आहे, फक्त शिकायला वेळ अधिक लागतो.