एक सीझन बेलआऊट रिब्रीदरसोबत: वापरानंतरचा अनुभव

पावसाळ्यात समुद्रातली कामं थांबतात, त्यामुळे सध्या पुण्यात, सिंहगड रोडला घरी आहे. इथल्या तलावावर स्कूबा शिकणारी, पुढे सॅचुरेशनमध्ये (दिवसेंदिवस जहाजावरच्या दाबाखालच्या चेंबरमध्ये राहून करायचं खोल डायव्हिंग) यायचं ठरवलेली मुलं एकच विचारतात, "दादा, खाली गॅस बंद पडला तर?" त्यांच्यासाठी बेलआऊट रिब्रीदरबद्दल, म्हणजे मुख्य गॅस बंद पडला तर सोडलेलाच श्वास शुद्ध करून परत देणाऱ्या पाठीवरच्या आणीबाणीच्या सेटबद्दल, सविस्तर लिहितोय.

मुंबईजवळच्या समुद्रात बॉम्बे हाय तेलक्षेत्रात पाणी साधारण 75-80 मीटर खोल. बेलमधून (जहाजावरून डायव्हरना खाली नेणारी बंद कुपी) बाहेर पडल्यावर हेलिऑक्स (श्वासाचं हेलियम-ऑक्सिजन मिश्रण), दिवा, वरच्यांशी बोलणं, सगळं अंबिलिकलमधून, म्हणजे बेलपासून येणाऱ्या नळ्या-तारांच्या जुडीतून येतं. ते तुटलं की पाठीवर असेल तेवढाच श्वास. पूर्वी माझ्या पाठीवर साध्या बाटल्या असायच्या. हिशोब करा: 12 लिटर क्षमता, 200 बार, म्हणजे 2400 लिटर गॅस. 80 मीटरला एकूण दाब 9 बार. मिनिटाला 40 लिटर धरले आणि शेवटच्या थेंबापर्यंत गॅस ओढता आला, तरी साडेसहा मिनिटं. घाबरलेला माणूस दुप्पट ओढतो.

दर 10 मीटर अंबिलिकलमागे किमान 1 मिनिटाचा गॅस, ही आमच्याकडची जुनी मोजणी. त्यात गृहीत असं की अंबिलिकल धरून मागे गेलं की बेल सापडणार. सप्टेंबर 2012 मध्ये उत्तर समुद्रात क्रिस लेमन्स या डायव्हरच्या बाबतीत बेलच जागेवर राहिली नाही. जहाजाला इंजिनांच्या जोरावर जागेवर धरून ठेवणारी यंत्रणा (डायनॅमिक पोझिशनिंग) बिघडली, जहाज बेलसकट वाहत गेलं, अंबिलिकल तुटलं. सुमारे 90 मीटर खोली, पाठीवर पाच-सहा मिनिटांचा गॅस, आणि मदत पोहोचेपर्यंत अर्ध्या तासाच्या वर वेळ गेला. तो जगला. थंड पाणी आणि जास्त दाबाखाली शरीरात मुरलेला ऑक्सिजन, ही त्याची कारणं मानली जातात. पण तशा नशिबावर कामाला उतरता येत नाही. जहाज परत येईपर्यंत पुरेल एवढा वेळ पाठीवर हवा.

रिब्रीदरने तो वेळ मिळतो. शरीर मिनिटाला दीड-दोन लिटर ऑक्सिजनच वापरतं, बाटलीवर बाकी सगळं बुडबुड्यांत जातं. इथे सोडलेला श्वास सोडा लाइममधून जातो, कार्बन डायऑक्साइड तिथे शोषला जातो, कमी झालेला ऑक्सिजन भरून परत तोच गॅस येतो. वेळ कितीतरी पटीने वाढतो.

सरावात पहिल्यांदा त्यावर गेलो तेव्हा श्वास जड वाटला. छातीला जोर लावावा लागतो, आणि बुडबुड्यांचा आवाज थांबल्याने गॅस येतोय की नाही अशी शंका येते. चार-पाच सरावांनंतर ती जाते. गॅस उबदार आणि दमट येतो, हे मला फार आवडलं, कारण हेलियम अंगातली ऊब झपाट्याने काढून घेतो.

त्रास दोन. बेलच्या तोंडातून बाहेर पडताना सेट अडकतो, बेलमनची (बेलमध्ये थांबलेल्या साथीदाराची) मदत लागते. दुसरा म्हणजे सोडा लाइम. ते ठोकून घट्ट भरावं लागतं. मधे पोकळी राहिली तर गॅस तिथूनच पळतो आणि कार्बन डायऑक्साइड शोषलाच जात नाही. थंड पाण्यात त्याची ताकदही कमी होते. मी स्वतः भरलेलाच डबा लावतो, त्यात कुणाचं ऐकत नाही. रबरी सील वेळेवर मिळत नाहीत, ही तक्रार सीझनभर राहिली.

पाण्याखालचं एवढंच. चेंबरमधल्या माणसाचा गॅस मात्र जहाजावर अवलंबून असतो. 27 जुलै 2005 ला बॉम्बे हायच्या आगीत 'समुद्र सुरक्षा' नावाच्या जहाजावरचे सहा डायव्हर चेंबरमध्ये अडकले होते, 36 तासांनी बाहेर काढले. त्यांच्यासाठी पाठीवरचा सेट काही कामाचा नव्हता.

मुलांनो, कंपनी कुठलीही असो, करारावर सही करण्याआधी विचारा: बेलआऊट कुठला, आणि त्यावर पाण्यात सराव कधी देणार?