कॅटकॉन बदलला म्हणाले, बसवला रिकामा डबा

मे महिन्यात साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी घाट चढताना गाडीने दोन-तीन झटके दिले आणि डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला. घाट संपल्यावर उघडझाप थांबली, पण दिवा पेटलेलाच राहिला. गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, तोवर ७८ हजार किलोमीटर चाललेली. आजपर्यंत कधी कुरकूर केली नव्हती.

पुण्यात परतल्यावर घराजवळच्या एका मोठ्या, चकचकीत गॅरेजमध्ये नेली. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. सुपरवायझरने गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, माझ्याकडे वळवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं : पी ०४२०. ‘साहेब, कॅटकॉन गेलाय. चोक झालाय, म्हणून झटके बसतायत.’ कॅटकॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिनातून येणारा विषारी धूर साफ करणारा सायलेन्सरच्या नळीतला डबा. मी सहज मोबाइलवर त्या स्क्रीनचा फोटो काढला. तो फोटो पुढे इतका कामाला येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

ओरिजिनल कॅटकॉन ६२ हजारांना पडेल, असं त्याने सांगितलं. मग माझा चेहरा बघून म्हणाला, ‘इम्पोर्टेड बसवू, २१,५०० मध्ये. एक वर्ष बघायला नको. तसंच चालवलंत तर इंजिनच बसेल, पीयूसीही मिळणार नाही.’ आईला दर पंधरवड्याला दवाखान्यात न्यावं लागतं. गाडी बंद पडून चालणार नव्हतं. ६२ हजारांच्या पुढे साडेएकवीस हजार मला स्वस्त वाटले. मी हो म्हणालो.

संध्याकाळी गाडी घेताना जुना पार्ट मागितला. ‘तो एक्सचेंजमध्ये कंपनीला जातो, सर.’ बिल हाताने लिहिलेलं होतं : ‘सायलेन्सर दुरुस्ती, २१,५००’. पार्ट नंबर नाही, जीएसटी नाही. दिवा बंद झाला होता, म्हणून मीही पुढे काही विचारलं नाही.

आठवडाभरात गाडीचा आवाज बदलला, पत्र्यासारखा झाला. सोसायटीच्या तळघरात गाडी सुरू केली की डोळे चुरचुरायचे. शेजारच्या ताई एकदा म्हणाल्याही, ‘दादा, तुमच्या गाडीचा धूर घशात बसतो हो.’ तिथेच संध्याकाळी मुलं सायकली फिरवतात. पैशांपेक्षा त्या दिवसांचा मला जास्त संताप येतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि मी तो जवळजवळ महिनाभर त्या मुलांमध्ये सोडत होतो.

चौथ्या आठवड्यात मुंबईला जाताना बोरघाटात दिवा पुन्हा उघडझाप करू लागला. या वेळी ऑफिसमधल्या मित्राने नाना पेठेतल्या एका जुन्या मेकॅनिककडे पाठवलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी आधी स्कॅनर लावलाच नाही. विचारलं, ‘बेटा, दिवा नुसता पेटला होता की लुकलुकत होता?’ लुकलुकत होता, म्हटलं. ‘मग हे मिसफायर. एक सिलिंडर नीट पेटत नाही. कच्चं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं आणि कॅटकॉनमध्ये जाऊन जळतं. गाडी सांगत असते की थांबा, माझा कॅटकॉन जळेल.’

मी पहिल्या गॅरेजमधला तो फोटो काढून दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा केला आणि सुपरवायझरच्या बोटाच्या वरच्या ओळीकडे दाखवलं : पी ०३०२. म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. माझ्याच फोटोत तो कोड होता आणि मला त्याबद्दल एक अक्षर सांगितलं गेलं नव्हतं.

चाचांनी दोन नंबरच्या प्लगला ठिणगी पुरवणारी इग्निशन कॉइल काढून तीन नंबरवर लावली आणि गाडी चढावर फिरवून आणली. कोड पी ०३०३ झाला. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. कॉइल आणि चार प्लग मिळून खर्च २,६०० रुपये.

मग गाडी रॅम्पवर घेतली. ‘नव्या’ कॅटकॉनवर त्यांनी रबरी हातोडी मारली तर रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. कॅटकॉनच्या मागचा, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर खोलला, तर त्याच्याखाली अंगठ्याएवढ्या नळीचा तुकडा घातलेला. सेन्सर धुरापासून लांब राहावा आणि त्याला आतलं काही कळू नये, म्हणून ही युक्ती. त्या भोकातून कॅमेऱ्याची वायर आत सोडली. मोबाइलच्या पडद्यावर सरळ पाइप दिसत होता. जाळी नव्हतीच.

खरा कॅटकॉन म्हणजे आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची सिरॅमिकची वीट, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर. हे धातू इतके महाग आहेत की भंगारवाले जुन्या कॅटकॉनलाही चांगला भाव देतात. काही वर्षांपूर्वी पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मारुती इको गाड्यांचे सायलेन्सर धडाधड चोरीला जात होते, ते त्यातल्या ‘माती’साठीच, म्हणजे या धातूंच्या भुकटीसाठी. माझ्याकडून २१,५०० घेतले आणि वर माझा कॅटकॉनही ठेवून घेतला.

तो खराब होता का? आता तो हातात नाही, त्यामुळे चाचा शपथेवर काही सांगायला तयार नाहीत. पण माझ्या ग्लोव्ह बॉक्समध्ये मार्चची पीयूसीची स्लिप होती. कार्बन मोनॉक्साइड ०.०४ टक्के, हायड्रोकार्बन ६२ पीपीएम. बीएस ४ पेट्रोल गाडीला मर्यादा ०.३ टक्के आणि २०० पीपीएमची. मेलेला कॅटकॉन असे आकडे देत नाही. चाचांच्या सांगण्यावरून शेजारच्या केंद्रात त्याच दिवशी पुन्हा मोजून घेतलं : १.९ टक्के आणि ७४० पीपीएम.

पी ०४२० चा अर्थ ‘कॅटकॉन बदला’ असा नाही, हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं. कॅटकॉनच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि नंतर एक. माझ्या गाडीसारख्या गाड्यांत पुढच्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सतत वरखाली होतं. कॅटकॉन शाबूत असेल तर मागचं ०.६-०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर राहतं. मागचंही पुढच्यासारखं नाचू लागलं की संगणक हा कोड टाकतो. पण सायलेन्सरच्या जोडात गॅस्केट फुटून हवा आत शिरली, सेन्सर बिघडला किंवा मिसफायर होत असला, तरीही हा कोड येऊ शकतो. म्हणून मिसफायरचा कोड सोबत असेल तर आधी तो दुरुस्त करायचा, कोड पुसायचे, आठ-दहा दिवस गाडी चालवायची आणि मग बघायचं. मिसफायर तसाच ठेवून नवा, खराखुरा कॅटकॉन बसवला असता तरी तोही जळून गेला असता.

कॅटकॉन खरंच चोक होतो, नाही असं नाही. पण मग गाडीचा पिकअप जातो, वेगात ती दम तोडते. ते तपासायला पुढच्या सेन्सरच्या जागी प्रेशर गेज लावून उलटा दाब मोजतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम. ‘चोक झालाय’ म्हणणाऱ्याला ‘गेजवर दाखवा’ एवढंच म्हणा आणि तो काय करतो ते बघा. काम करायचंच ठरलं तर जुना पार्ट तुमच्याच डिकीत ठेवायला सांगा. तो तुमचा आहे. बिलावर पार्टचं नाव, नंबर आणि जीएसटी लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

ओरिजिनलचा भाव मी नंतर अधिकृत डीलरच्या पार्ट काउंटरवर विचारला. ४३ हजार. आधी एका फोनवर हे कळलं असतं. ६२ चा आकडा फक्त साडेएकवीस स्वस्त वाटावेत म्हणून फेकलेला होता.

कॅमेऱ्यातला व्हिडिओ घेऊन गॅरेजवर गेलो, तेव्हा मालक शांतपणे म्हणाला, ‘बिलात कॅटकॉन लिहिलंय का कुठे?’ मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. गॅरेजने उत्तर दिलं नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांत कधीही जाता येतं. यूपीआयची पावती, स्कॅनरचा फोटो, दोन्ही पीयूसी स्लिपा, चाचांच्या सहीचं पत्र आणि सुपरवायझरचा ‘सर, कॅटकॉन आलाय, आज बसवतो’ हा व्हॉइस मेसेज, सगळं जोडलंय. बिलावर नसलेला शब्द त्या मेसेजमध्ये त्याच्याच तोंडी आहे.

गेल्या महिन्यात ४३ हजारांचा कॅटकॉन बसवला. तळघरात आता डोळे चुरचुरत नाहीत. रिकामा डबा मी चाचांकडून मागून घेतलाय, पुढच्या तारखेला आयोगासमोर ठेवायला.