वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरची खरेदी: पावडर, कॅल्शियम, व्हिटॅमिन आणि सपोर्ट ग्रुप

डिस्चार्जच्या कागदावर बहुधा तीन गोष्टी असतात: प्रोटीन पावडर, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन. नाव लिहून दिलं नसेल तर मेडिकलवाला जे पुढे करेल ते घरी येतं. ते बऱ्याचदा दुसऱ्याच कुणासाठी बनवलेलं असतं, जिमला जाणाऱ्या मुलासाठी नाहीतर तापातून उठलेल्या आजोबांसाठी. स्लीव्ह म्हणजे पोटाचा मोठा भाग काढून टाकायची शस्त्रक्रिया; तिच्यानंतर पोटाची जी नळी उरते तिच्यात साधारण १०० ते १५० मिली मावतं. बायपासमध्ये (हृदयाचा नव्हे, पोटाचा) पोटाची लहान पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात; ती पिशवी सुरुवातीला जेमतेम ३० मिलीची. एवढ्या जागेतून दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन आणि दीड ते दोन लिटर द्रवपदार्थ जायला हवेत. म्हणून खालच्या प्रत्येक वस्तूला कसोटी एकच लावली आहे: पोटात जेवढी जागा अडते, तेवढ्यात मिळतं काय? आपल्या सर्जनने दिलेला आहाराचा तक्ता वेगळं सांगत असेल तर तोच पाळायचा, हे गृहीत धरूनच वाचा.

सुरुवात पावडरीपासून, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. डब्याच्या पुढच्या बाजूवरचं चित्र सोडा आणि मागचा तक्ता बघा. एका स्कूपचं वजन किती आणि त्यात प्रोटीन किती? ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम किंवा जास्त असेल तर पावडर कामाची. मेडिकलमध्ये ‘प्रोटीन’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक चॉकलेटी डब्यांत १०० ग्रॅममागे प्रोटीन १५ ते ३५ ग्रॅमच असतं, बाकी साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेलं कर्बोदक). १०० ग्रॅमला ३४ ग्रॅम धरलं तरी ६० ग्रॅम प्रोटीनसाठी पावणेदोनशे ग्रॅम पावडर खावी लागेल. पहिल्या महिन्यात ते शक्य नाही. शिवाय बायपास झालेल्याला त्या साखरेने डम्पिंग होऊ शकतं: पिऊन अर्धा तास होत नाही तोच घाम, धडधड, पोटात कळ आणि जुलाब.

मग व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रोटीनची पावडर, घ्यायची ठरली, तर कॉन्सन्ट्रेट की जास्त शुद्ध केलेली आयसोलेट? कॉन्सन्ट्रेट स्वस्त पडते, पण तिच्यात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, शिल्लक असते. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, ती अनेकांना पचत नाही. पोट गुडगुडतं, गॅस धरतो, पातळ होतं, आणि माणूस ‘मला प्रोटीनच सोसत नाही’ म्हणून पावडर बंद करून टाकतो. पहिले तीन महिने आयसोलेटचे जास्तीचे पैसे मोजावेत असं आमचं स्पष्ट मत आहे. नंतर दूध-दही निर्वेध पचू लागलं की कॉन्सन्ट्रेटवर यायला हरकत नाही. घटकांच्या यादीत पहिलं नाव आयसोलेटचं हवं. ‘ब्लेंड’ लिहिलेल्या डब्यात बहुतेक वेळा कॉन्सन्ट्रेट पहिली असते. यादीत ग्लायसिन, टॉरिन किंवा क्रिएटिन वेगळं दिसलं तर डबा परत ठेवा. प्रोटीनची नेहमीची चाचणी नायट्रोजन मोजते, आणि असली स्वस्त भर घातली की आकडा फुगतो. माल्टिटॉल, सॉर्बिटॉल हे गोडवेही गॅस आणि जुलाब करतात. कोलॅजेनची पावडर पाण्यात सुरेख विरघळते खरी, पण तिच्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं. त्यामुळे दिवसाच्या ६० ग्रॅममध्ये ती धरूच नका. एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक आणि परदेशी डबा असेल तर आयात करणाऱ्याचं नाव, या दोन गोष्टी असल्याशिवाय विकत घेऊ नये.

एक मात्र नक्की करा. शस्त्रक्रियेआधी दोन किलोचा डबा आणून ठेवू नका. नंतर जिभेची चव बदलते, आधी आवडलेलं व्हॅनिला नकोसं होतं. पाऊच किंवा लहानात लहान पॅक घ्या, आणि त्यातला एक बिनचवीचा असू द्या.

कालवण्याची पद्धत महत्त्वाची आहे. शेकरमध्ये जोरात हलवलं की फेस होतो, फेसाबरोबर हवा पोटात जाते आणि छातीखाली दुखायला लागतं. त्यापेक्षा वाटीत स्कूपभर पावडर घ्या, दोन चमचे गार पाणी घालून गुठळी मोडेपर्यंत लापशीसारखी घोटा, मग उरलेलं पाणी किंवा लॅक्टोज नसलेलं दूध थोडं थोडं घाला आणि चहाच्या गाळणीतून गाळा. दहा मिनिटं ठेवलं की उरलासुरला फेस बसतो. बिनचवीची पावडर मुगाच्या कढणात घालायची असेल तर कढण गॅसवरून उतरवून कोमट होऊ द्यायचं. उकळत्यात घातली की दूध फाटल्यासारखे रबरी तंतू होतात, आणि तेच पुढे घशाशी अडकल्यासारखे वाटतात. पूर्ण स्कूप २०० मिलीमध्ये कालवला तर सुरुवातीच्या दिवसांत तो संपायला दीड-दोन तास लागतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात तेवढा वेळ ग्लास बाहेर ठेवू नये. अर्धाच कालवा, अर्धा नंतर.

पावडर अजिबात नको असेल त्यांच्यासाठी अमूलचं हाय प्रोटीन ताक ही चांगली सोय आहे: २०० मिलीच्या पॅकमध्ये १५ ग्रॅम प्रोटीन. ताकाची चव असल्यामुळे गोडाचा वीट आलेल्यांना ते जातं, आणि प्रवासात पॅक पिशवीत टाकता येतो. मात्र घोट घोट करत तासभर पुरवायचं, गटागटा नाही. याच्यासमोर आपल्या घरच्या समजुती ठेवून बघा. वरणाचं नुसतं पाणी म्हणजे प्रोटीन जवळपास शून्य. सातूचं पीठ दोन मोठे चमचे, म्हणजे ३० ग्रॅम, घेतलं तर सहा-साडेसहा ग्रॅम प्रोटीन आणि त्याच्या तिप्पट कर्बोदकं. नाचणीचं सत्त्व आणि भाताची पेज पोटाला गोड लागतात, पण त्यांनी जागा भरते आणि प्रोटीन मागे राहतं. अंगात ताकद यावी म्हणून आई किंवा सासूबाई तूप घातलेली पेज मायेने पुढे करतात. त्यांना ‘नको’ म्हणण्यापेक्षा १५ ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर घालून दह्याचं पातळ ताक कसं करायचं ते दाखवा. तेवढ्याने पाच ग्रॅम प्रोटीन वाढतं. दुधातली साखरही वाढते, तेव्हा लॅक्टोज सोसतं का ते आधी चमचाभरावर तपासा.

आता कॅल्शियम. इथला घोळ पैशांचा नाही, हाडांचा आहे, आणि तो वर्षानुवर्षं कळत नाही. दुकानात सहज मिळणाऱ्या शेलकॅल ५०० मध्ये कॅल्शियम कार्बोनेट असतं. इतरांसाठी ते ठीक. पण कार्बोनेट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. बायपासच्या पिशवीत आम्ल फारच कमी, आणि त्यात पहिले काही महिने आम्ल दाबणारी गोळीही चालू असते. कॅल्शियम सायट्रेट या दुसऱ्या प्रकाराला आम्लाची गरज नसते, म्हणून शस्त्रक्रिया झालेल्यांनी सायट्रेटच मागावं. जेवणाबरोबर घ्यायचं बंधनही त्याला नाही.

पण सायट्रेटच्या पट्टीवर एक आकडा फसवतो. ‘कॅल्शियम सायट्रेट १००० मिग्रॅ’ हे आख्ख्या क्षाराचं वजन आहे. त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम सुमारे २१ टक्के, म्हणजे २१० मिग्रॅच्या आसपास. स्लीव्ह किंवा बायपासनंतर आहार आणि गोळ्या मिळून दिवसाला १२०० ते १५०० मिग्रॅ कॅल्शियम लागतं. एक कप दूध साधारण २४० मिग्रॅ देतं. म्हणजे दिवसाला एक गोळी घेऊन ‘कॅल्शियम चालू आहे’ म्हणणारा माणूस गरजेच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत ‘एलिमेंटल कॅल्शियम’ किती ते शोधा आणि तो आकडा धरून दिवसाच्या गोळ्या किती ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. एका वेळी ५०० ते ६०० मिग्रॅपेक्षा जास्त शोषलं जात नाही, म्हणून वाटून घ्यायचं. लोहाच्या गोळीपासून दोन तासांचं अंतर, कारण कॅल्शियम लोहाचं शोषण अडवतं. जमणारं वेळापत्रक असं: सकाळी लोह असलेली मल्टिव्हिटॅमिन, चहा तिच्यानंतर तासाभराने, मग अकराला, चारला आणि रात्री झोपताना कॅल्शियम. ६० हजार युनिटचं व्हिटॅमिन डीचं पाकीट डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वाढवू नका, दुकानदार सहज देतो म्हणून तर मुळीच नाही.

मल्टिव्हिटॅमिनच्या बाबतीत निवाडा सोपा आहे: नेहमीची बी-कॉम्प्लेक्स पुरत नाही. बेकोसूल्सच्या कॅप्सूलमध्ये बी-१२ असतं १५ मायक्रोग्रॅम. शस्त्रक्रियेनंतर तोंडाने घ्यायचं तर दिवसाला ३५० ते १००० मायक्रोग्रॅम लागतं, नाहीतर महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. शाकाहारी माणसाचं बी-१२ बऱ्याचदा आधीच कमी असतं, त्यांनी इंजेक्शनबद्दल पहिल्याच भेटीत विचारावं. लोह स्लीव्ह-बायपास झालेल्यांना आणि पाळी चालू असलेल्या बायकांना ४५ ते ६० मिग्रॅ, थायमिन (व्हिटॅमिन बी-१) किमान १२ मिग्रॅ, व्हिटॅमिन डी ३००० युनिट, तांबं १ ते २ मिग्रॅ. बॅरिॲट्रिक (वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या) म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या महाग वाटतात, पण हे सगळं साध्या गोळ्यांतून जमवायला चार-पाच पट्ट्या लागतात आणि त्यातली एखादी रोज राहून जाते. पहिले काही आठवडे चघळायची गोळी घ्या. रंगीत गमीज मात्र नकोत, त्यांत बहुधा लोह नसतं. इतर औषधांच्या मोठ्या गोळ्या कुटून घ्यायच्या असतील तर आधी विचारा. नावापुढे ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ असलेली, म्हणजे हळूहळू विरघळणारी, गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम सुटतो.

केसांच्या गोळ्या: घेऊ नका. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात ते वजन झपाट्याने उतरल्यामुळे, आणि बहुतेकांचे पुन्हा येतात. प्रोटीन, लोह, झिंक कमी पडलं तर गळती लांबते, तेव्हा ते तपासा. बायोटिनची कमतरता नसेल तर बायोटिनने फरक पडत नाही, उलट जास्त डोसमुळे थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात.

भांडीकुंडी फारशी लागत नाहीत. ३० मिलीचा औषधाचा कप घ्या. दर पाव तासाला एक कप म्हटलं की तासाला १२० मिली, चौदा तासांत १६८० मिली. पहिल्या आठवड्यात पाणी मोजण्याची याहून चांगली युक्ती नाही. स्ट्रॉ आणि सोडा, इनोसह, बाजूला ठेवा. पुढे घन जेवण सुरू झालं की चहाचा चमचा आणि लहान वाटी, आणि जेवणाबरोबर पाणी नाही, नंतर अर्ध्या तासाने.

सपोर्ट ग्रुप ही फुकट मिळणारी आणि बहुतेक जण शेवटी शोधणारी गोष्ट. खरं तर शस्त्रक्रियेच्या आधीच एकदा बैठकीला जाऊन बसावं, झालेल्यांच्या ताटाकडे बघून खूप कळतं. चांगला ग्रुप ओळखायच्या खुणा आहेत. आहारतज्ज्ञ त्यात असते आणि उत्तर देते. माणूस प्रश्न विचारताना शस्त्रक्रिया कोणती आणि कितवा आठवडा हे आधी लिहितो, कारण मिनी बायपासवाल्याचा (बायपासचाच एक प्रकार) सल्ला स्लीव्हवाल्याला लागू पडेलच असं नाही. दर सोमवारी किलोंची यादी लावायची पद्धत नसते. तीन आठवडे काटा अडकणं नेहमीचं आहे, पण शेजारच्याचे पाच किलो उतरलेले दिसले की माणूस उपाशी राहायला लागतो. आणि ग्रुपमधला कुणी पावडर विकत नसतो. ॲडमिनच ‘माझ्याकडून घ्या’ म्हणू लागला तर तो ग्रुप सोडा.

अशा ग्रुपकडून काय घ्यावं? लग्नाच्या पंगतीत काय वाढून घ्यायचं, पोट साफ होत नाही तेव्हा काय करायचं, ऑफिसात डब्याबद्दल कुणी खोदून विचारलं तर काय सांगायचं, रात्री आठनंतर उगाच चरण्याची सवय कशी मोडायची. यात अनुभवी माणसाइतकं कामाचं कुणी नाही. औषधांचा सल्ला मात्र तिथून कधीच घेऊ नये. ‘गुडघा दुखत होता, मी कॉम्बिफ्लाम घेतली, काही झालं नाही’ असा मेसेज येतो. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं, आणि बायपासच्या जोडावर त्याने अल्सर होऊ शकतो. तंबाखू आणि सिगारेटनेही तोच धोका. मधुमेह आणि बीपीच्या गोळ्यांचे डोस शस्त्रक्रियेनंतर भराभर बदलतात, ते फक्त डॉक्टरच ठरवतील.

काही तक्रारी ग्रुपवर टाकून उत्तराची वाट बघायच्या नसतात. नाडी १२० च्या वर, ताप, डाव्या खांद्यात दुखणं, श्वास लागणं: ताबडतोब रुग्णालयात. दोन-तीन दिवस उलट्या थांबत नसतील, त्यात नजर दुहेरी होत असेल, तोल जात असेल किंवा बोलण्यात गोंधळ असेल तर थायमिनची कमतरता असू शकते. अशा वेळी जवळच्या कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी शस्त्रक्रिया झाल्याचं आधी सांगा आणि ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन द्यायला सांगा. चांगल्या ग्रुपमध्ये रुग्णालयाचा चोवीस तास चालू असलेला नंबर आणि ही लक्षणं सगळ्यात वर पिन केलेली असतात. नसतील तर ॲडमिनला आजच सांगून करून घ्या.