जुना चौकोनी मॉनिटर दुरुस्त करून वापरताना : दिवाळी ते पावसाळा

मराठी टायपिंग आणि मुद्रितशोधन हेच ज्यांचं रोजचं काम आहे, त्यांनी घरातला जुना १७ इंची एलसीडी मॉनिटर भंगारात देण्याआधी जाणकाराकडून एकदा उघडून घ्यावा. आमचा गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत दुरुस्त झाला. त्यानंतर थंडी गेली, उन्हाळा गेला, आता पाऊस लागलाय आणि यंदाच्या दिवाळी अंकांची प्रुफं मी त्याच्यावरच वाचतेय.

आधी बिघाड सांगते. गारठ्याच्या दिवसांत सकाळी बटण दाबलं की पॉवरचा दिवा नुसता लुकलुकायचा, चित्र बऱ्याच वेळाने यायचं. दुपारी उन्हं वर आली की तोच मॉनिटर लगेच लागायचा. पेठेतला एक दुरुस्तीवाला तो न उघडताच "पॅनल गेलंय, नवा घ्या" म्हणून मोकळा झाला, म्हणजे चित्र दाखवणारा पडदाच खराब. मला ते पटेना. पॅनल गेलं असतं तर दुपारी तरी कसं चाललं असतं? पॉवर सप्लायच्या बोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, जुने झाले की आतला द्राव सुकत जातो, अंतर्गत रोध वाढतो आणि थंडीत तो आणखी वाढतो. लक्षण सरळ तिकडे बोट दाखवत होतं.

उघडायचं काम दिराचं, तो टीव्ही दुरुस्तीत मुरलेला. "वहिनी, बटण बंद म्हणजे वीज बंद नव्हे. आधी प्लग काढा," हे त्याचं पहिलं वाक्य. आपले २३० व्होल्ट बोर्डावर डीसी होताना सुमारे ३२५ होतात आणि ४०० किंवा ४५० व्होल्ट छापलेल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही साठून राहू शकतात. अर्धा तास मॉनिटर तसाच ठेवून, मागचं आणि आतलं पत्र्याचं झाकण काढून, त्याने इन्सुलेशन असलेल्या वायरींना जोडलेला २.२ किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर त्या कपॅसिटरच्या दोन पायांना काही सेकंद लावून धरला. मल्टीमीटरचा आकडा शून्याजवळ येईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून मोकळे होणारे बरेच आहेत. ठिणगी उडते, बोर्डावरचा ट्रॅक जळतो, डोळ्याला इजा होऊ शकते. तसं कुणीही करू नका.

मग बोर्ड नीट पाहिल्यावर शंका उरली नाही. कपॅसिटरच्या डोक्यावर फुलीसारखी खाच असते. तीन कपॅसिटरची डोकी फुगून वर आली होती आणि एकाच्या खाचेतून तपकिरी खपली बाहेर आली होती. शेजारचे सपाट, चकचकीत.

नवे पुण्यात तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळाले, सगळे मिळून शंभर रुपयांच्या आत. "ताई, १६ व्होल्टचा संपलाय, २५चा चालेल. १०चा मात्र नेऊ नका," दुकानदाराने बरोबर सांगितलं. मायक्रोफॅरड (साठवणक्षमता) तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंश तापमान सोसणारे आणि लो-ईएसआर, म्हणजे कमी अंतर्गत रोधाचे मागायचे. जुन्याची उंची आणि जाडी मोजून न्या, नाहीतर पत्र्याचं झाकण बसत नाही. अंगावरचा पट्टा निगेटिव्हचा. उलटा बसला तर फुटतो.

सफाईत बोर्डावरची धूळ मऊ, कोरड्या ब्रशने काढली. स्क्रीनसाठी मायक्रोफायबरचं कापड डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलं केलं आणि हलक्या हाताने पुसलं. काचा पुसायचं अमोनियावालं लिक्विड वापरू नका, त्याने वरचा थर खराब होतो. थेट स्क्रीनवर फवारा तर मुळीच नको, पाणी ओघळून खालच्या कडेने आत शिरतं. मी आजही आठवड्याला असंच पुसते, तेही मॉनिटर बंद करून, गार झाल्यावर.

आता वापराबद्दल. १२८० बाय १०२४ मध्ये अक्षर ठसठशीत दिसतं. अनुस्वार सुटलेला, रफार भलत्या अक्षरावर गेलेला, वेलांटी ऱ्हस्वची दीर्घ झालेली, हे लॅपटॉपवर निसटायचं, इथे नजरेत भरतं. उभं पानही त्या चौकोनात छान बसतं. जानेवारीतल्या कडक थंडीतही बटण दाबल्याबरोबर चित्र आलं, त्या दिवशी खरंच फार आनंद झाला.

उणिवा आहेतच. स्क्रीनला मागून उजेड देणाऱ्या ट्यूबना पूर्ण उजेड द्यायला काही मिनिटं लागतात आणि पांढरा रंग आता पिवळसर झालाय. बाजूने पाहिलं की रंग बदलतात. मुखपृष्ठाचं काम मी याच्यावर करत नाही. वीजही नव्या एलईडी मॉनिटरपेक्षा जास्त खातो.

एक ताकीद. जुना, पोटाचा सीआरटी मॉनिटर असेल तर घरी उघडूच नका. त्याच्या पिक्चर ट्यूबवर २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही तो उरलेला असू शकतो. आमच्या एलसीडीच्या ट्यूब गेल्या तर त्याही आम्ही बदलणार नाही. त्यांना सुरू व्हायला हजाराच्या आसपास व्होल्ट लागतात, त्या काडीसारख्या बारीक असतात आणि आत पारा असतो. तेव्हा मॉनिटर अधिकृत ई-कचरा संकलनात जाईल, भंगारवाल्याकडे नाही.