पेगलेक पावडर: औषध चोख, पण वेळ पाळाल तर

कोलोनोस्कोपीआधी (मोठ्या आतड्याची कॅमेऱ्याने आतून तपासणी) पोट साफ करायला आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी ही पावडर. पाकीट १३७.१५ ग्रॅमचं, त्यात ११८ ग्रॅम पॉलिइथिलीन ग्लायकॉल, बाकी क्षार. पॉलिइथिलीन ग्लायकॉल आतड्यात शोषलं जात नाही, पाणी धरून ठेवतं आणि सगळं खाली वाहून नेतं. क्षार असे बेतलेले असतात की शरीरातलं पाणी-मीठ फारसं ढळत नाही. याच कामाचं दुसरं, सोडियम फॉस्फेटचं औषध थोडंच प्यावं लागतं म्हणून ते सोपं वाटतं, पण त्याने किडनीला इजा होऊ शकते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००८ मध्ये तसा ठळक इशारा दिला होता. त्यामुळे आमची पसंती पेगलेकलाच.

चव मात्र खारट, नकोशी. म्हणून कमी पाण्यात कालवायचा मोह होतो, तो टाळाच. पूर्ण दोन लिटर पाणी हवं, नाहीतर क्षारांचा मेळ बिघडतो. आधी कोमट पाण्यात विरघळवून मग फ्रीजमध्ये ठेवा, गार झाल्यावर बरंच सुसह्य होतं. साखर घालू नका. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास, साधारण २५० मिली. मळमळलं तर अर्धा तास थांबा, पण सोडू नका.

दोन्ही लिटर आदल्या रात्रीच संपवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. रात्रभरात लहान आतड्यातून पित्त आणि चिकट स्राव उतरतो, उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यावर त्याचा थर बसतो आणि तिथले चपटे पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची वाढ) दिसत नाहीत. तपासणी सकाळी दहाची असेल तर एक लिटर संध्याकाळी, दुसरा पहाटे पाचला सुरू करून सातच्या आत. केंद्राने वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा. झोपमोड होते, पण पर्याय नाही.

पावडर कितीही चांगली असली तरी बिया आणि साली ती विरघळवत नाही. पेरू, टोमॅटो, वांगं, भेंडी, तीळ, शेंगदाणे, पालेभाज्या, उसळी, भाकरी दोन-तीन दिवस आधीच बंद. मऊ भात, इडली, सोललेला बटाटा, अंडं चालतं. इसबगोल, सब्जाही नको. लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा आणि चिकट होतो, म्हणून त्या डॉक्टरांना विचारून आठवडाभर आधी थांबवायच्या. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचंही आधीच विचारा.

आदल्या दिवशी फक्त आरपार दिसणारे पदार्थ: नारळपाणी, गाळलेलं लिंबूसरबत, कोरा चहा, गाळलेलं सूप. ताक, दूध त्यात बसत नाही. कोकम सरबत आणि बिटाचा रसही नको. तो लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

जुनी बद्धकोष्ठता असेल तर दोन लिटर अपुरे पडू शकतात, तेव्हा वाढीव डोसाचं आधीच ठरवून घ्या. शेवटची शौच पिवळसर, स्वच्छ पाण्यासारखी हवी. गढूळ तपकिरी असेल तर टेबलावर जाण्याआधी नर्सला स्पष्ट सांगा.