दरमहा तीन हजार, वर्षाला छत्तीस हजार की ओव्हरड्राफ्ट? गृहकर्ज लवकर फेडताना घरखर्च कसा बसवायचा

४० लाखांचं गृहकर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत. हप्ता बसतो ३४,७१३ रुपये. पहिल्या हप्त्यातले २८,३३३ रुपये नुसत्या व्याजात जातात आणि मुद्दल कमी होतं ६,३८० रुपयांनी. पूर्ण २० वर्षं हप्ते भरले तर बँकेच्या खात्यात जमा होतात ८३ लाख ३१ हजार. हा शेवटचा आकडा वाचला की घरात विषय निघतोच, थोडं थोडं जास्त भरून लवकर मोकळं व्हायचं का?

भरावं, याबद्दल घरात फारसं दुमत नसतं. वाद होतो तो कसं भरायचं यावर. चर्चा सुरू होते व्याजदरावर, पण माझ्या मते निर्णय ठरतो महिन्याच्या २२ तारखेला घरात किती पैसे शिल्लक असतात त्यावर.

समजा, पिंपरी-चिंचवडमधलं एक घर आहे. दोघांचे मिळून हातात ९० हजार येतात. हप्ता गेला की ५५ हजार राहतात. किराणा, दूध, भाजी १६ हजार, सोसायटीचा मेंटेनन्स साडेतीन, वीज-गॅस-मोबाइल पाच, पेट्रोल पाच, घरकामाच्या मावशी अडीच, मुलाची शिकवणी आणि व्हॅन सहा, गावी आई-वडिलांना चार. झाले ४२ हजार. म्हणजे १३ हजार सुटे दिसतात आणि माणूस म्हणतो, चला, दहा हजार कर्जात टाकू.

इथेच गणित बिघडतं, कारण जून अजून आलेला नसतो. शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, मग गणपती, दिवाळी, गाडीचा विमा, आरोग्य विमा, घरपट्टी, एखादं लग्न. या सगळ्याची वर्षाची बेरीज एक लाख आठ हजार धरली, तर ती महिन्याला ९ हजार पडते. मग १३ हजारांतले उरतात चार. त्यातले एक हजार सटरफटर खर्चाला सोडा. या घराची जास्तीचं भरण्याची खरी ताकद महिना तीन हजार आहे, दहा नाही. ते ९ हजार वेगळ्या आरडीत (दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या आवर्ती ठेवीत) किंवा दुसऱ्या बचत खात्यात पगाराच्या दिवशीच वळवले नाहीत, तर जूनमध्ये क्रेडिट कार्ड निघतं. कार्डाची थकबाकी महिन्याला तीन टक्क्यांच्या वर व्याज लावते. तिथे महिन्याला तीन टक्के भरायचे आणि इकडे वर्षाला साडेआठ टक्के वाचवले म्हणून खूश व्हायचं, याला काही अर्थ नाही. कार्ड, सोनेतारण, पर्सनल लोन, पगारदार पतसंस्थेचं महागडं कर्ज, यांपैकी काहीही डोक्यावर असेल तर गृहकर्जाला जास्तीचा रुपया देऊ नका. आधी ते संपवा.

दरमहा की वर्षाला एकदा?

तीन हजारांची सोय झाली असं धरू. दरमहा हप्त्याबरोबर तीन हजार जास्त भरले, तर वरचं कर्ज २० वर्षांऐवजी साधारण १६ वर्षं ५ महिन्यांत संपतं आणि व्याजाचे ९ लाखांच्या आसपास वाचतात. तेच तीन हजार बाजूला साठवून वर्षाअखेर एकरकमी ३६ हजार भरले, तर कर्ज १६ वर्षं ७ महिन्यांत संपतं, बचत साडेआठ लाखांच्या जवळपास.

फरक दोन महिन्यांचा. पैशांत मोजला तर सुमारे ५० हजार, तेही साडेसोळा वर्षांत विखुरलेले. साठवलेल्या पैशांवर मधल्या काळात आरडीचं व्याज मिळतं, म्हणजे खरा फरक त्याहून कमी. दरमहा भरणारे आणि वर्षाला भरणारे यांच्यात ज्या हिरिरीनं वाद होतो, तेवढं त्यात काही नाही. प्रश्न इतकाच की यातलं कोणतं तुमच्या घरात पाचव्या वर्षीही चालू राहील?

दोघांचा पगार बांधलेला असेल, आणि खात्यात दिसलेला पैसा खर्च होतोच असा घरचा अनुभव असेल, तर दरमहा. पगार १ तारखेला, हप्ता ५ तारखेला, जास्तीचे तीन हजार ६ तारखेला. मात्र बँकेत अर्ज देऊन हप्ताच अधिकृतपणे ३७,७१३ करून घेण्यापेक्षा हप्ता आहे तसा ठेवून वरचे पैसे आपण होऊन भरलेले बरे. हप्ता वाढवून घेतला की तो बंधनकारक होतो. एखाद्या महिन्यात हॉस्पिटलचं बिल आलं आणि हप्ता बाउन्स झाला, तर दंडही लागतो आणि सिबिलवरही, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या इतिहासातही, नोंद होते. आपण होऊन भरायचे पैसे त्या महिन्यात नाही भरले तर कोणी विचारत नाही.

उलट, दिवाळीचा बोनस, उसाचं बिल, विमा एजंटचं कमिशन, क्लासच्या फिया असं गठ्ठ्यानं पैसे येणारं घर असेल तर वर्षाला एकदा. मार्चपर्यंत थांबायची सवय मात्र सोडा. ८०सी साठी, म्हणजे फेडलेल्या मुद्दलावरच्या करवजावटीसाठी, मार्च, असं डोक्यात बसलेलं असतं आणि ऑक्टोबरचा बोनस पाच महिने बचत खात्यात पडून राहतो. त्यातला बराचसा संक्रांतीपर्यंत टिकतही नाही. आणि नव्या करप्रणालीत असाल तर ८०सी चा तसाही उपयोग नाही.

काही ठिकाणी जास्तीची रक्कम मुद्दलातून वजा न होता ‘आगाऊ हप्ता’ म्हणून नुसती पडून राहते. त्यानं व्याज वाचत नाही. पैसे भरताना ‘पार्ट पेमेंट’ हाच पर्याय निवडला आहे ना, ते पाहा. दुसऱ्याच महिन्यात स्टेटमेंटवर मुद्दल तेवढ्यानं घटलेलं दिसलं पाहिजे. पार्ट पेमेंटला किमान रकमेची अट कुठे कुठे असते. तशी असेल तर तीन-चार महिन्यांचं एकत्र भरा. दंडाची भीती बाळगू नका. बदलत्या व्याजदराच्या, व्यक्तीच्या नावावरच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीसाठी बँकांनी शुल्क लावायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१२ पासून आहे. स्थिर दराचं कर्ज असेल तर करार वाचावा लागेल.

हप्ता कमी करायचा की मुदत?

मोठी रक्कम हातात आली की बँक हा प्रश्न विचारते आणि बरेच जण घाईत उत्तर देतात. सगळ्यात मोठा फरक इथे पडतो.

याच कर्जात दोन वर्षांनी मुद्दल उरतं ३८ लाख ३४ हजार. गावची जमीन विकून वाट्याला पाच लाख आले आणि ते भरले. हप्ता ३४,७१३ च ठेवून मुदत कमी केली, तर साडेचार वर्षं कमी होतात आणि व्याजाचे जवळपास १४ लाख वाचतात. मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला, तर तो ३०,१८६ वर येतो आणि व्याज वाचतं पावणेपाच लाखांच्या आसपास. रक्कम तीच, दिवस तोच, फरक नऊ लाखांचा.

म्हणून सगळे सांगतात, डोळे मिटून मुदत कमी करा. मी तसं सांगणार नाही. हप्ता कमी करून घेतलात आणि वाचलेले ४,५२७ रुपये दरमहा पुन्हा कर्जातच भरत राहिलात, तर ते कर्जही त्याच साडेचार वर्षं आधी संपतं. गणित अगदी तेच. पण दोघांपैकी एकाची नोकरी गेली, तर बँकेला द्यायची सक्ती ३०,१८६ चीच राहते. आयटीत किंवा कंत्राटी नोकरीत असणाऱ्यांना हा मार्ग जास्त सोयीचा आहे. अट एकच, ते साडेचार हजार खरोखर भरले गेले पाहिजेत. नव्या फोनच्या हप्त्यात गेले तर नऊ लाख गेले. स्वतःवर तेवढा भरवसा नसेल तर मुदतच कमी करा, त्यात कमीपणा काही नाही.

ओव्हरड्राफ्टवालं गृहकर्ज

स्टेट बँकेचं ‘मॅक्सगेन’ हे यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव; इतर बँकांचेही असे प्रकार आहेत. कर्जाच्या खात्यात जास्तीचे पैसे ठेवायचे, ते असतील तोवर तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि लागले तर काढता येतात. ऐकायला सगळ्यांत छान. दर साध्या कर्जापेक्षा थोडा जास्त असतो, आणि तो थोडा जास्त दर पूर्ण थकबाकीवर लागतो, ठेवलेल्या पैशांपुरता नाही. ४० लाखांवर पाव टक्का म्हणजे सुरुवातीला वर्षाला दहा हजार. साडेआठ टक्के वाचवून हे दहा हजार भरून काढायचे, तर खात्यात सरासरी लाख-सव्वा लाख तरी कायम पडून हवेत.

दुकानदार, डॉक्टर, सल्लागार अशांचे दोन-चार लाख एरवीही करंट खात्यात फिरत असतात. त्यांना हे उत्तम. महिन्याला तीन हजार वाचवणाऱ्या आपल्या घराला हे परवडत नाही, आणि त्यात चेकबुक हाताशी असतं हा वेगळाच धोका.

तेच पैसे दुसरीकडे गुंतवले तर?

एफडीशी तुलना लगेच संपते. साडेसहा टक्के व्याज मिळालं तर २० टक्क्यांच्या करपट्ट्यात हातात सव्वापाचही उरत नाहीत. पीपीएफ २०२० पासून ७.१ टक्क्यांवर आहे, करमुक्त असला तरी साडेआठच्या खालीच. कर्ज फेडणं म्हणजे साडेआठ टक्क्यांचा खात्रीचा आणि करमुक्त परतावा.

एसआयपीचं, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याचं, तसं नाही. शेअरशी निगडित फंडावर वर्षाला सव्वा लाखापुढच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, तो धरला तरी नऊ टक्क्यांच्या आसपास परतावा मिळाला की बरोबरी होते. १५ वर्षांत ते शक्य आहे, खात्री मात्र कोणी देऊ शकत नाही. चाळिशीच्या आतल्या जोडप्यानं तीन हजारांतले अर्धे तिकडे, अर्धे इकडे केले तर मी हरकत घेणार नाही. पन्नाशी जवळ आली असेल आणि हप्ते निवृत्तीच्या पलीकडे जात असतील, तर आधी कर्ज.

‘कर्ज फेडलं तर करसवलत जाईल’ हे वाक्य ऑफिसात हमखास ऐकू येतं. राहत्या घराच्या व्याजाची दोन लाखांची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. नव्या प्रणालीत असणाऱ्यांना हा विचार करायचं कारणच नाही. जुनीत असाल तरी आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षाचं व्याज होतं ३ लाख ३७ हजार. दोन लाखांच्या वरच्या व्याजावर एका मालकाला सवलत मुळातच नाही. मुद्दल साडेतेवीस लाखांच्या खाली येईपर्यंत जास्तीचं भरून त्याची एका रुपयाचीही वजावट बुडत नाही. नवरा-बायको दोघंही मालक आणि कर्जदार असून दोघंही जुन्या प्रणालीत असतील, तर मात्र चार लाखांपर्यंतचं सगळं व्याज वजा होतं आणि ३० टक्क्यांच्या पट्ट्यात कर्ज प्रत्यक्षात सहा टक्क्यांच्या आतच पडतं. एवढ्या एका परिस्थितीत मी गुंतवणुकीच्या बाजूनं बोलेन.

यातलं काहीही निवडा, त्याआधी सहा महिन्यांचा खर्च हप्त्यासकट बाजूला असू द्या. वरच्या घराला तो सव्वापाच लाखांच्या आसपास लागतो. कर्जात भरलेला पैसा म्हणजे भिंतीत चिणलेला पैसा, अडचणीत तो काढता येत नाही. टॉपअप लोन, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, मिळेल म्हणाल, तर त्यालाही पगाराच्या स्लिपा लागतात, आणि पैशांची खरी गरज पडते ती बहुधा त्या स्लिपा यायच्या थांबल्यावर.

तीन हजारही सुटत नसतील तर

अशी घरं पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यासाठी एक मार्ग आहे ज्यात घरखर्चाला हात लावावा लागत नाही. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर (ती बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो) ६.५ वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. ऑक्टोबर २०१९ नंतरची बँकांची बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या मानकाशी, बहुतेक ठिकाणी रेपोशी, जोडलेली आहेत आणि त्यांचा दर तीन महिन्यांतून एकदा तरी बदलावा लागतो. आपल्या उदाहरणात दोन वर्षांनी दर साडेआठवरून साडेसातवर आला असं धरा. हप्ता ३२,३९४ करून घेता येतो, किंवा जुनाच ३४,७१३ चालू ठेवता येतो. जुना ठेवला तर कर्ज जवळपास २८ महिने आधी संपतं. हप्त्याची सवय झालेलीच असते, त्यामुळे महिन्याच्या हिशेबात काहीच बदलत नाही.

२०२२ मध्ये याच्या उलट झालं होतं. दर वाढत गेले, हप्ते तेच राहिले आणि अनेकांच्या मुदती गुपचूप लांबल्या. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. तेव्हा आपली मुदत आज नेमकी किती उरली आहे ते आधी ॲपवर पाहून घ्या. मूळ २० वर्षांची कधीच २४ झाली असण्याची शक्यता आहे. कर्ज २०१९ च्या आधीचं असेल आणि अजून एमसीएलआरवर किंवा बेस रेटवर (बँकेनं स्वतःच्या खर्चावरून ठरवलेल्या जुन्या पद्धतीच्या दरांवर) असेल, तर ते रेपोवर आणायला किती शुल्क पडेल हे शाखेत विचारा. दरातला फरक अर्धा टक्का असेल तर ते शुल्क सहसा काही महिन्यांतच वसूल होतं.