पुण्यात गाडीशिवाय केक आणि बेकऱ्या: मेट्रो, पीएमपी आणि पायी, काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल. पुण्यात गाडी नसली तरी चांगली बेकरी गाठता येते. खरी कसोटी केक धड घरी आणण्याची. म्हणून दुकान ठरवण्याआधी परतीचा वेळ मोजावा. वीस मिनिटांत घर येणार असेल तर काहीही घ्या. पाऊण तासाच्या वर लागणार असेल तर थंड पिशवीशिवाय दुधाच्या क्रीमच्या वाटेला जाऊ नये, मग दुकान कितीही नावाजलेलं असो.

कॅम्पपासून सुरुवात करू, कारण तिथला माल प्रवासाला सगळ्यात चिवट. इस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ पासूनची. श्रुजबेरी बिस्किटं आणि मावा केक यांसाठी तिथे रांग लागते आणि ती रास्तच आहे. निघण्याआधी दोन गोष्टी पाठ हव्यात: रविवारी बंद, आणि दुपारी एकला शटर खाली येतं ते साडेतीनपर्यंत. सणांच्या तोंडावर तर सकाळीच गेलेलं बरं.

मेट्रो कॅम्पात शिरत नाही. पुणे रेल्वे स्थानकावर उतरलं तर इस्ट स्ट्रीट साधारण दोन किलोमीटर, आणि उन्हात ते अंतर अंगावर येतं. त्यापेक्षा पूलगेट सोयीचं. स्वारगेटहून हडपसरच्या दिशेची बस धरायची, पूलगेटला उतरायचं, पुढे दहा-बारा मिनिटांची चाल. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत आली तेव्हापासून पिंपरीकडून येणाऱ्यांना हा रस्ता सरळ पडतो; वनाज किंवा रामवाडीकडून येणाऱ्यांनी जिल्हा न्यायालय स्थानकात मार्गिका बदलायची. पीएमपीचा, म्हणजे शहर बससेवेचा, ७० रुपयांचा दिवसाचा पास एवढ्यासाठी काढू नये. पहिल्या ५ किलोमीटरना १० रुपये भाडं आहे, म्हणजे छोट्या सात फेऱ्या झाल्या तर पैसे वसूल. शनिवार-रविवारी मेट्रोला ३० टक्के सवलत मिळते, ती खऱ्या उपयोगाची.

मावा केकसारखा सोशिक पदार्थ दुसरा नाही. वर क्रीम नाही, आत खवा आणि लोणी, त्यामुळे घट्ट असूनही कोरडा पडत नाही. चांगला कसा ओळखायचा? खालच्या कागदाला तुपकट डाग पडलेला असतो, बोटाने दाबला तर खळगा सावकाश भरून येतो आणि तोंडात घालण्याआधी वेलची नाकाला लागते. वेलचीऐवजी नुसता व्हॅनिलाचा गोडमिट्ट वास आला तर खवा बेताचाच, असं समजा. हा केक फ्रीजमध्ये ठेवू नका. ब्रेड किंवा केकमधला स्टार्च फ्रीजच्या थंडीतच सगळ्यात लवकर कडक होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेर ठेवून दोन दिवसांत संपवावा, आणि मे महिन्यात दुसऱ्याच दिवशी.

श्रुजबेरीचं दुखणं वेगळं: वास आणि वजन. लोण्यामुळे ती आजूबाजूचा वास ओढून घेतात, म्हणून त्याच पिशवीत मसाला किंवा सुकी मासळी नको. खोका आडवा आणि सगळ्यात वर. वरून पाण्याची बाटली टेकली की कडा गेल्याच. उन्हात ती जरा मऊ, तेलकट लागतात. घाबरू नका, घरी सावलीत ठेवली की पुन्हा खुसखुशीत होतात.

आता क्रीमचा प्रांत. प्रभात रोडवरचं ‘ल प्लेझीर’ फ्रेंच धाटणीच्या टार्ट आणि मूससाठी जावं असं ठिकाण, आणि मेट्रोने सोपं: गरवारे कॉलेज स्थानक, कर्वे रोड ओलांडून आतल्या गल्ल्यांतून थोडी चाल. त्याच भागात आपटे रोडला संतोष बेकरी आहे. ते पॅटिस आणि खारीचं दुकान, गोडाचं नव्हे, पण एवढं आलोच आहोत तर टाळू नये.

कुठल्याही दुकानात काउंटरवर एक प्रश्न जरूर विचारावा: क्रीम दुधाचं की व्हिप टॉपिंग? आपल्याकडच्या बहुतेक वाढदिवसाच्या केकवर वनस्पती चरबीचं टॉपिंग असतं. ते चवीला उणं, खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर राहतो, पण प्रवासात उभं राहतं. दुधाचं क्रीम दहा अंशांच्या पुढे गेलं की सैल पडू लागतं; एप्रिलच्या दुपारी नुसत्या पुठ्ठ्यातून नेलंत तर फुलं अर्ध्या तासात खाली बसतात. बटरक्रीम मधलं, पंचवीस अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतं. मूसमध्ये जिलेटिन असेल तर ते उन्हाळ्याच्या उकाड्यात वितळू शकतं. शाकाहारी मूसमध्ये बहुधा समुद्री शेवाळापासूनचा अगार असतो, तो पोताला थोडा ठिसूळ पण गरमीला पक्का. लांब जायचं असेल तर मी बिनदिक्कत अगारवाला घेईन. एक्लेअरला, म्हणजे क्रीम भरलेल्या लांबट पेस्ट्रीला, मात्र दूर नेऊच नये. आतल्या क्रीमचं पाणी कवचात उतरतं आणि काही तासांत ते ओल्या पुठ्ठ्यासारखं होतं. तिथेच उभ्याने खावं.

थंड पिशवी म्हणजे आतून चंदेरी अस्तर असलेली, चेनची. बूड खोक्याइतकंच रुंद हवं, हे सगळ्यात महत्त्वाचं. अर्धा किलोच्या केकला बहुधा ८ इंची चौकोनी खोका येतो. त्याहून अरुंद पिशवीत तो तिरका बसतो आणि केक एका भिंतीला जाऊन चिकटतो. जेलच्या दोन लाद्या रात्रभर फ्रीझरमध्ये, मग वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्याच्या दोन बाजूंना. कागद न गुंडाळता लावल्या तर लाद्यांना सुटलेलं पाणी पुठ्ठा भिजवतं आणि उचलताना खालचा भाग फाटतो. दुकानात केक खालच्या चकतीला क्रीमने चिकटवलाय ना, हेही बघून घ्या. नसेल तर लावून मागा, कोणी नाही म्हणत नाही.

बसमध्ये मागच्या चाकांच्या मागची जागा कधीही नको. गतिरोधकावर तो भाग सगळ्यात जास्त उडतो. पुढची दोन चाकं आणि मागची दोन चाकं यांच्या मधलं आसन धरावं, खोका मांडीवर आडवा. मेट्रोत वातानुकूलन आहे, धक्के नाहीत. पिशवी पायांच्या मध्ये जमिनीवर ठेवलेली उत्तम. रिक्षात उलट, हातात अधांतरी धरावी, कारण आसनाची स्प्रिंग प्रत्येक खड्डा दुप्पट करून देते.

कोरेगाव पार्कसाठी बंडगार्डन स्थानक, पुढे रिक्षा. बसून खायला तो भाग छान, घरी न्यायला लांब पडतो.

शोधण्याबद्दल. नकाशावरच्या तारका बघण्यापेक्षा अलीकडचे फोटो बघा, तेही कापलेल्या तुकड्याचे. क्रॉसाँच्या कापावर मधाच्या पोळ्यासारखी मोकळी भोकं दिसली पाहिजेत. आत ब्रेडसारखा गच्च गर दिसला तर पीठ-लोण्याच्या घड्या नीट पडलेल्या नाहीत. घरून केक करणाऱ्या बायका कोथरूड, कर्वेनगरात भरपूर आहेत, आणि काहींचं काम दुकानांच्या वरचं आहे. त्यांच्याकडे एफएसएसएआयचा १४ आकडी नोंदणी क्रमांक विचारावा, आणि केक घ्यायला जायची वेळ ठरवताना ‘तासभर आधी फ्रीजमध्ये ठेवा’ एवढं सांगावं. ताज्या क्रीमचा केक थेट हातात आला तर कुठलीही पिशवी त्याला वाचवू शकत नाही.

पावसाळ्यात क्रीमला त्रास कमी, पण बिस्किटं आणि खारी हवेनेच सादळतात. खोका दुकानातच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घ्या, घरी आल्याबरोबर डब्यात भरा. सादळलीच तर ओव्हनमध्ये १५० अंशांवर पाच-सहा मिनिटं, आणि गार होईपर्यंत हात लावू नका. कुरकुरीतपणा गार होतानाच येतो.